विषयाचा रकाना

शंकराला दहा हात. त्यांत पाश, अंकुश, साप, डमरू, कवटी, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य. या दहा वस्तूंची हातोहाती अदलाबदल करत गेलं, तर शंकराची वेगवेगळी रूपं किती होतील? आणि शंख, चक्र, गदा, पद्म घेतलेल्या चतुर्भुज विष्णूची किती? भास्कराचार्यांनी 1150 साली लिहिलेल्या 'लीलावती'च्या अंकपाश प्रकरणात हे उदाहरण आहे. उत्तर असं : शंकराची 36,28,800 आणि विष्णूची 24.

गणिताचे लोक यात गणित बघतात. मला त्यात संग्रहालयाची नोंदवही दिसते. मूर्ती ओळखायची ती तिच्या हातात काय आहे आणि कुठल्या हातात आहे यावरून, ही रीत भास्कराचार्यांच्या काळी इतकी रुळलेली होती की गणिताच्या पोथीत ती उदाहरण म्हणून सहज आली. आम्हा चाळीसगावकरांना याचं अगत्य असायला आणखी एक कारण आहे. भास्कराचार्यांचं विज्जडविड नेमकं कुठलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण त्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला तो पाटणला, म्हणजे आमच्या पाटणादेवीला, गावापासून 18-20 किलोमीटरवर. त्या मठाला निकुंभ राजांनी दान दिलं. त्या दानाचा 1207 चा शिलालेख तिथल्या देवळात आहे आणि तो उजेडात आणला भाऊ दाजी लाड यांनी.

विष्णूच्या त्या 24 रूपांना नावंही आहेत. संध्या करणाऱ्याला ती पाठ असतात : केशव, नारायण, माधव, गोविंद आणि पुढची. मूर्तिशास्त्रानं प्रत्येक नावाला एकेक मांडणी नेमून दिली. खालच्या उजव्या हातापासून प्रदक्षिणेच्या क्रमानं पद्म, शंख, चक्र, गदा असली तर केशव. चोवीस खण, चोवीस नावं, एकही खण रिकामा नाही. मात्र पुराणं आणि शिल्पग्रंथ शेजारी शेजारी उघडून बसलं, की कुठल्या खणावर कुठली चिठ्ठी यावर त्यांचं आपसात जमत नाही. आणि महाराष्ट्रानं ज्या विष्णूला सगळ्यांत जवळ केलं, तो तर या कपाटात मावतच नाही. पंढरीचा विठोबा दोन हातांचा, आणि दोन्ही हात कटेवर.

चोवीसचा हिशेब बरोबर आहे आणि विठोबाही खरा आहे. दोघं एकाच वहीत नीट मावतील अशी वही कशी आखायची, हा माझा प्रश्न आहे.

संग्रहालयात वस्तू आली की तिला क्रमांक पडतो. लांबी-रुंदी मोजतात, वजन करतात, दगड की धातू की कागद ते लिहितात, काळ अंदाजानं ठरवतात. मग येतो 'विषय' हा रकाना. बाकीच्या रकान्यांना मोजपट्टी आहे, तराजू आहे. याला काहीच नाही. तरीही तो दोन शब्दांत, पाच मिनिटांत भरला जातो, आणि एकदा भरला की पन्नास वर्षं तसाच राहतो. तिथून तो काचेखालच्या पाटीवर येतो, पाटीवरून सूचीत, सूचीतून आता संगणकात आणि शेवटी सहलीला आलेल्या मुलाच्या वहीत. माझं म्हणणं असं आहे की चूक भरणाऱ्याची नसते, एकच रकाना आखण्याची असते. डोळ्यांना दिसतं काय, शास्त्र त्याला म्हणतं काय आणि ज्यांची ती वस्तू आहे ते लोक तिला काय म्हणतात, ही तीन वेगळी उत्तरं आहेत. तिन्ही लिहिली पाहिजेत, आणि एकात दुसरं मिसळू देता कामा नये.

मला हे एका टाकापाशी उमगलं. एका शहरातल्या संग्रहालयात आत्याबरोबर गेले होते. काचेच्या पेटीत चांदीचे टाक मांडले होते. आपल्या देव्हाऱ्यात असतात तसे, अंगठ्याएवढे, पत्र्यावर ठोकून उठवलेले. एका टाकावर घोडेस्वार होता, हातात तलवार. खाली पाटी : 'खंडोबा'. आत्या काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हा खंडोबा नाही गं. मागे म्हाळसा कुठे आहे? खाली कुत्रा कुठे आहे? हा वीर आहे कुणाच्या तरी घरचा." आमच्याकडे आणि नाशिककडे घरातल्या अकाली गेलेल्या पुरुषाचा टाक करतात, त्याला वीर म्हणतात आणि धुळवडीला मिरवतात. आत्यानं ओळख पटवली ती भाविकपणानं नाही. काय आहे ते तिनं पाहिलं, काय असायला हवं होतं ते आठवलं, आणि जे नाही त्यावरून निर्णय दिला. शंख कुठल्या हातात हे बघणाऱ्या पंडिताची रीत अगदी हीच आहे. फरक एवढाच की तिचा ग्रंथ लिहिलेला नाही.

म्हणून लोकांकडे नुसत्या 'समजुती' असतात आणि शास्त्र तेवढं पंडितांकडे, ही वाटणी मी मान्य करत नाही. ग. ह. खरे यांचं 'मूर्तिविज्ञान' किंवा गोपीनाथ राव यांचे 1914 पासून निघालेले हिंदू मूर्तिशास्त्रावरचे खंड यांचे उपकार मोठे आहेत. ते नसते तर आपल्या निम्म्या मूर्ती आज नुसत्या 'देवता' म्हणून पडून असत्या. पण त्यांचा आधार मुख्यतः आगम, पुराणं, शिल्पग्रंथ. टाक ठोकणारा सोनार ते ग्रंथ वाचून बसत नव्हता. त्याला गिऱ्हाइकानं सांगितलेलं असायचं, आणि गिऱ्हाइकाला घरातल्या म्हाताऱ्या माणसानं.

नाव घाईनं दिलं की काय होतं हे बघायला लांब जायला नको. अजिंठा आमच्या शेजारी आहे. पहिल्या लेण्यात टोकदार टोप्या घातलेले परदेशी लोक सिंहासनावरच्या राजापुढे भेटी घेऊन आले आहेत, असं एक चित्र आहे. जेम्स फर्ग्युसन यांनी 1879 साली त्याला नाव दिलं : दुसऱ्या पुलकेशीच्या दरबारात इराणच्या खुस्रोचा वकील. तर्क मोहक होता. दोन सम्राट, ताडून बघता येईल असा इतिहास, आणि भिंतीवर त्याचा जणू फोटो. पिढ्यान् पिढ्या तेच शिकवलं गेलं. पण पुलकेशी सातव्या शतकातला. आणि हे लेणं वाकाटक हरिषेणाच्या काळातलं, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. चित्र दरबाराच्या बातमीचं नसून बौद्ध कथेतलं आहे हेही पुढे दाखवलं गेलं. नाव पडलं. उरलं काय? टोकदार टोप्या, भेटीची तबकं, सिंहासन, राजाची बसण्याची तऱ्हा. जे दिसत होतं ते कुणीही खोटं ठरवू शकलं नाही.

सोळाव्या लेण्यातल्या 'मरणासन्न राजकन्ये'ची गोष्ट याहून बोलकी आहे. मान कललेली, डोळे मिटत आलेले, सख्यांनी सावरलेलं अंग. बघणाऱ्यानं मृत्यू वाचला आणि तेच नाव झालं. पण जवळच एक सेवक मुकुट घेऊन उभा आहे, आणि तो मुकुट वाचला की कथा उलगडते. बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची बायको सुंदरी; नवऱ्यानं संन्यास घेतल्याची खूण म्हणून त्याचा मुकुट घरी आला आणि तो बघून ती कोसळली. ती मरत नाही. तिचा संसार संपला आहे. 'मृत्यू' या खणात ठेवलेलं चित्र 'विरहा'च्या खणात जायला हवं होतं, आणि सगळा निवाडा त्या सेवकाच्या हातातल्या एका वस्तूवर होता. ज्यानं पहिल्या दिवशी नुसतं 'सेवक, हातात मुकुट' एवढं टिपून ठेवलं असतं, त्यानं नाव चुकवलं असतं तरी पुढच्याची वाट मोकळी ठेवली असती.

एर्विन पॅनोफ्स्की या जर्मन कला-इतिहासकारानं 1939 साली हेच तीन पायऱ्यांत मांडलं. त्याचं उदाहरण रस्त्यात टोपी उचलणाऱ्या माणसाचं होतं. आपल्याकडचं घेऊ. एसटीत खिडकीशी बसलेला माणूस एकदम दोन बोटं कपाळाला आणि मग छातीला लावतो. पहिली पायरी : हात हलला. दुसरी : बाहेर देऊळ गेलं, त्यानं नमस्कार केला. तिसरी : चालत्या गाडीतूनही देवाची ओळख ठेवणारा हा समाज कसला आहे. संग्रहालयं सहसा दुसऱ्या पायरीवर उडी मारतात, कारण पाटीवर नाव लागतं. पहिली पायरी कंटाळवाणी असते आणि तिसरीला धाडस लागतं.

यावर आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. प्रत्येक वस्तूची अशी कहाणी लिहीत बसलं तर शोधणार कसं? दहा हजार वस्तूंतून घोडेस्वार तेवढे काढायचे असतील तर शब्द ठरलेला हवा, क्रमांक हवा. हे मला पूर्ण मान्य आहे. प्रिन्स्टन विद्यापीठात चार्ल्स रूफस मोरी यांनी 1917 साली ख्रिस्ती कलेची कार्डसूची सुरू केली, तिनं पुढच्या अभ्यासकांची कित्येक वर्षांची पायपीट वाचवली. हॉलंडमधल्या लायडनच्या हेन्री व्हान द वाल यांनी 'आयकॉनक्लास' बांधली. ती 1973 ते 1985 या काळात खंडांनी प्रसिद्ध झाली. चित्रात दिसू शकणाऱ्या सगळ्या जगाचे तिनं शून्य ते नऊ असे दहा भाग पाडले आणि त्यांना अंक-अक्षरांचे क्रमांक दिले. भाषा कुठलीही असो, क्रमांक तोच. अशा सूचीमुळेच चाळीसगावचा घोडेस्वार पॅरिसच्या घोडेस्वाराशेजारी ठेवून बघता येतो. हे सुख लहान नाही.

पण ती दहा कपाटं जरा उघडून बघा. सातवं अख्खं बायबलला. नववं ग्रीक-रोमन पुराणकथांना आणि प्राचीन इतिहासाला. धर्म पहिल्या कपाटात : त्यात 11 या खणात ख्रिस्ती धर्म, आणि 12 या खणात बाकीचे सगळे. बुद्ध, खंडोबा, सप्तशृंगी, आमची कानबाई, सगळे बाराव्या खणात. व्हान द वाल यांनी ती युरोपातल्या चित्रांसाठी बांधली आणि तिथे ती उत्तम चालते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. प्रिन्स्टनच्या सूचीनंही 2017 मध्ये आपलं नाव बदलून 'मध्ययुगीन कलेची सूची' केलं, कारण संग्रहच जुन्या नावाच्या बाहेर वाढला होता. आपण मात्र दुसऱ्याच्या घरासाठी बेतलेलं कपाट आणतो आणि आपली वस्तू त्यात बसत नाही म्हणून वस्तूची धार घासतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. नारळाला नाक-डोळे लावतात, नथ घालतात, रोट होतात. तो नारळ उद्या संग्रहालयात आला तर पदार्थाच्या रकान्यात 'नारळ' बरोबर आहे. विषयाच्या रकान्यात 'मातृदेवता' एवढंच लिहिलं तर तेही खोटं नाही. पण 'कानबाई' हा शब्द त्या पानावर कुठेच नसेल, तर ती नोंद आमच्या घरातल्या बाईची राहिली नाही.

शेंदूर तर सगळ्या सूचींची परीक्षा घेतो. गावाच्या शिवेवरचा वीरगळ घ्या. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरती शिवलिंगाची पूजा. पुस्तक वाचलेला माणूस क्षणात ओळखतो. पण गावानं त्याला तीनशे वर्षं शेंदूर फासला आणि तो म्हसोबा झाला. आता त्याचा विषय काय? घडवणाऱ्याच्या मनातला वीर, की आज नवस फेडायला येणाऱ्याचा म्हसोबा? आणि तांदळ्याचं काय करायचं? त्याला आकारच दिलेला नाही. तिथे पहिल्या रकान्यात 'दगड' यापलीकडे लिहायला काही नाही, आणि तिसरा रकाना मात्र ओसंडून वाहतो. खानदेशातली किती घरं वणीच्या सप्तशृंगीला कुलदैवत मानतात हे सांगायला नको. 2022 साली तिच्या मूर्तीवरचा शेंदराचा जुना थर उतरवला आणि आतलं अठरा हातांचं रूप नव्यानं दिसलं. कित्येकांना आनंद झाला, काहींना ओळखीचा चेहरा हरवल्यासारखं वाटलं. दोन्ही भावना खऱ्या. शेंदराखालचं रूप तेवढं खरं आणि शेंदूर म्हणजे मळ, असं म्हणणाऱ्यानं ती मूर्ती अर्धीच पाहिली.

कन्नडचा घाट चढून पितळखोऱ्याला गेलं की हा प्रश्न दोन हजार वर्षं मागे जातो. तिथे सापडलेला बुटका, ढेरपोट्या, हसरा यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर ब्राह्मीत एक ओळ कोरली आहे : हे कण्हदास सोनारानं केलं. सोनारानं दगड घडवला, आणि त्याची नजर गळ्यातल्या-कानातल्या दागिन्यांच्या बारकाव्यात आजही दिसते. कण्हदासानं आपलं नाव लिहिलं, धंदा लिहिला. काय घडवलं ते मात्र लिहिलं नाही. त्याच्या गावात ते विचारणारं कुणी नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं. 'यक्ष' हे नाव आपण दिलं, आणि ते बहुधा योग्यच आहे. पण त्या खोऱ्यातले लोक त्याला कुठल्या नावानं हाक मारत होते, तो शब्द गेला. तिसरा रकाना वेळेवर भरला नाही की जे हरवतं ते हेच.

चाळीसगावात मात्र एक घर असं आहे जिथे माझाच नियम अडखळतो. कलामहर्षी केकी मूस (1912-1989) यांचं स्टेशनजवळचं घर, 'रेम्ब्रांट्स रिट्रीट', आता त्यांचं संग्रहालय आहे. इंग्लंडात कला शिकून आलेला हा पारशी माणूस या गावात येऊन राहिला, वर्षानुवर्षं घराबाहेर जवळजवळ पडला नाही, आणि घरातल्या घरात टेबलटॉप छायाचित्रणाची एक दुनिया उभी केली. टेबलटॉप म्हणजे टेबलाएवढ्या जागेत लहानसहान वस्तू मांडायच्या, उजेड असा पाडायचा आणि कॅमेरा अशा कोनात धरायचा की बघणाऱ्याला समोर मैलोगणती पसरलेला देखावा दिसावा. आता अशा छायाचित्राची नोंद करा. मी म्हणते, आधी दिसतं ते लिहा. दिसतो देखावा. पण तिथे देखावा नव्हता, टेबल होतं. आयकॉनक्लासमध्ये मांडून ठेवलेल्या वस्तूंच्या चित्राला 41ई हा क्रमांक आहे; निसर्गाचं कपाट वेगळं. मूस यांचं छायाचित्र दोन्हीकडे हक्कानं जातं, आणि कुठल्याही एका ठिकाणी ठेवलं तर त्याचा प्राण जातो, कारण त्याचा खरा विषय या दोन खणांमधलं अंतर हाच आहे. इथे 'घडवलं कसं' हा चौथा रकाना लागतो. तो मी कबूल करते.

त्या घराची आणखी एक अडचण आहे. पाहुण्याला आत शिरण्याआधीच एक कहाणी सांगितली जाते : मुंबईला राहिलेल्या प्रेयसीनं येण्याचं वचन दिलं होतं, आणि पंजाब मेल यायच्या वेळी ते तिच्यासाठी दार उघडत. कहाणी सुंदर आहे, गावानं ती जिवापाड जपली आहे आणि तीही एक ठेवाच आहे. पण ती ऐकून भिंतीकडे वळलेला माणूस प्रत्येक चेहऱ्यात वाट पाहणं वाचू लागतो. म्हातारीच्या सुरकुत्यांवर पडलेला बाजूचा उजेड, रेम्ब्रांटकडून शिकलेला तो अंधार, त्याला दिसतच नाही. अजिंठ्यात नावानं चित्र झाकलं, इथे चरित्र झाकतं. कहाणी लिहावी, सविस्तर लिहावी, पण लोक काय सांगतात त्या रकान्यात. चित्रात काय दिसतं त्या रकान्यात तिला येऊ देऊ नये.

भाषेबद्दलही बोललं पाहिजे. पाटणचा तो 1207 चा शिलालेख बहुतांश संस्कृतात आहे. राजवंश, पंडितांचं घराणं, भास्कराचार्यांची स्तुती, सगळं संस्कृतात. मात्र शेवटी, बाजारात येणाऱ्या मालावरचं उत्पन्न मठाला कसं द्यायचं ते सांगताना, लेख मराठीत उतरतो. ज्यांनी द्यायचं त्यांना कळलं पाहिजे, एवढं साधं कारण त्यामागे असणार. संस्कृतची प्रतिष्ठा त्यानं कमी झाली नाही आणि मराठीलाही कुणी हलकं मानलं नाही. एका दगडावर दोन्ही राहिल्या. आठशे वर्षांपूर्वी पाटणच्या माणसाला जे सुचलं, ते आपल्या आजच्या नोंदींत का नसावं? क्रमांक आयकॉनक्लासचा असू दे, शास्त्रीय नाव मूर्तिशास्त्राचं असू दे, आणि त्याखाली 'वीर', 'म्हसोबा', 'कानबाई' हे शब्द, लागलं तर अहिराणीत, ज्यानं सांगितले त्याचं गाव आणि तारीख घालून. 'मातृदेवता' लिहून काम संपलं असं मानणाऱ्याला हे पाल्हाळ वाटेल. पण क्रमांक पन्नास वर्षांनीही घालता येईल. सांगणारी माणसं तेवढी थांबणार नाहीत.

यासाठी पैसाही फारसा लागत नाही. इतिहास-संशोधक राजवाडे धुळ्याला वारले तेव्हा मागे उरले ते कागदांचे रुमाल, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ 1927 पासून ते जपत आलं आहे. राजवाड्यांनी नुसती कागदपत्रं गोळा केली नाहीत, कागद कुणाच्या दप्तरातून आला तेही टिपलं. वस्तूंच्या बाबतीत हीच शिस्त पाळायला एक फुलस्केप वही आणि वस्तू ज्या गावची त्या गावाला जाण्याइतका वेळ पुरतो.

त्या दिवशी संग्रहालयातून बाहेर पडताना मी आत्याला म्हटलं, आपण इथल्या लोकांना सांगू, पाटी बदलतील, 'वीर' लिहितील. ती पायऱ्यांवर चपला घालता घालता थांबली. "वीर लिहून काय होणार? वीराला नाव असतं," ती म्हणाली. "कुणाच्या देव्हाऱ्यातून आणला, ते लिहिलंय का?" मी परत आत गेले आणि पाटी पुन्हा वाचली. धातू होता, मापं होती, नोंदीचा क्रमांक होता.